यंत्र, विद्या आणि अवधान

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे एक गाव आहे. शेतकऱ्यांचे आणि साखर कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांचे हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव एरव्ही वर्तमानपत्रांत झळकण्याचे काही कारण नव्हते. परंतु १४ ऑगस्ट २०२२ रोजी, स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, या गावाने सभा भरवून एक निर्णय घेतला. रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल. तो वाजताच घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल फोन बंद व्हावेत. साडेआठला भोंगा पुन्हा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यासाला बसावे आणि मोठ्यांनी वाचावे किंवा एकमेकांशी बोलावे. दुसऱ्याच दिवसापासून भोंगा वाजू लागला.

या निर्णयामागचे कारणही ध्यानात घेण्याजोगे आहे. महासाथीच्या काळात शाळा बंद झाल्या आणि शिक्षण फोनवर आले. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा शिक्षकांच्या असे लक्षात आले, की मुले परत आली असली तरी त्यांचे चित्त परत आलेले नाही. वाचणे-लिहिणे त्यांना नकोसे झाले होते, आणि शाळेच्या आधी व नंतर ती फोनमध्येच बुडालेली असत. शिक्षणासाठी म्हणून जे साधन घरात आले त्यानेच शिकण्याची ताकद हिरावून घेतली, असा हा विलक्षण अनुभव होता. त्यावर गावाने शोधलेला उपाय सरकारी परिपत्रकातून आलेला नव्हता आणि कोणा तज्ज्ञ समितीच्या अहवालातूनही नव्हे. तथापि शिक्षण आणि यंत्र यांच्या नात्यासंबंधी भारतीय अध्यात्मविचाराने जे सांगितले आहे, त्याच्या गाभ्याशी हे गाव आपल्या व्यवहारबुद्धीने जाऊन पोहोचले, असे म्हणावयास हरकत नाही.

हा गाभा नेमका कोणता, याची मांडणी होणे आज अगत्याचे आहे. कारण या विषयावर बोलणारांचे दोन तट पडलेले दिसतात. एका तटाला प्रत्येक वर्गात पडदा आणि प्रत्येक हातात पाटीएवढे यंत्र आले म्हणजे शिक्षणाचा प्रश्न सुटला असे वाटते. दुसरा तट यंत्राला सरसकट अनिष्ट ठरवितो आणि त्यासाठी ऋषिमुनींची साक्ष काढतो. पहिल्या तटाला अध्यात्मविचाराशी कर्तव्यच नाही, तेव्हा त्याची गोष्ट निराळी. परंतु दुसरा तट ज्यांची साक्ष काढतो त्यांनी असे काही सांगितलेलेच नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे.

साधनाचा द्वेष नव्हे

ज्ञानाच्या क्षेत्रात नवे साधन येते तेव्हा जुन्या पिढीला धास्ती वाटते, ही गोष्ट या देशाला नवी नाही. वेद मुखोद्गत करण्याच्या काळात लेखन हेच नवे यंत्र होते. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा एकाहून एक अवघड पाठपद्धती रचून ज्यांनी एकेक स्वर शतकानुशतके जपला, त्यांना लिहिलेल्या पोथीचा भरवसा वाटत नव्हता. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांत लिहिलेले पाहून म्हणणाऱ्याची गणना केलेली आहे. एवढेच सांगून थांबले, तर आपले पूर्वज यंत्रविरोधी होते असा निष्कर्ष कोणीही काढील. परंतु त्याच यादीत अर्थ न जाणता म्हणणाराही आहे, हे विसरले जाते. म्हणजे आक्षेप बोरू आणि भूर्जपत्रावर नव्हता. विद्या पोथीत राहिली आणि माणसात उतरली नाही तर काय, ही खरी चिंता होती; आणि जो केवळ पाठ करतो पण समजून घेत नाही, त्यालाही तीच मोजपट्टी लावलेली होती.

पुढे काळ बदलला, आणि साधनाविषयीची भूमिकाही बदलली. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाला ‘शिकवण’ असे नाव दिले आणि त्याचा प्रारंभच लेखनक्रियेच्या निरूपणाने केला. मोक्षाची वाट दाखविणाऱ्या ग्रंथात देशोदेशीचे बोरू कसे मिळवावेत, टाक कसा तोडावा, ओळींत अंतर किती ठेवावे, अक्षर वाटोळे आणि मोकळे कसे काढावे, हे बारकाईने सांगितलेले आहे. तरुणपणी हौसेने बारीक अक्षर लिहिले तर म्हातारपणी तेच वाचता येणार नाही, एवढ्यापर्यंतचा व्यवहार त्यात आहे. आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वळण एकसारखे राहावे, हा आग्रहही आहे. समर्थांच्या दृष्टीने लेखन हे विद्या साठविण्याचे साधन होते. परंतु त्याहूनही ते लिहिणाऱ्याचे मन आणि हात एका ठिकाणी आणण्याचे साधन होते. जे साधन एकेकाळी संशयास्पद ठरले तेच समर्थांच्या हाती साधनेचा भाग झाले. साधने बदलली, कसोटी मात्र बदलली नाही. ती कसोटी अशी, की या साधनाने शिकणाऱ्याचे अवधान वाढते की विखुरते?

ज्ञानदेवांनी याच शब्दाला केवढी थोरवी दिली आहे! शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला गीतेचे निरूपण करताना नवव्या अध्यायाच्या आरंभी त्यांनी श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागितली, आणि ती म्हणजे अवधान. द्रव्य, मान, सेवा यांपैकी काही मागितले नाही. ऐकणाऱ्याने आपले चित्त दिले तर बाकीचे आपोआप मिळेल, असे त्यांचे आश्वासन होते. सव्वासातशे वर्षांपूर्वी ज्या वस्तूची मागणी एका संताने विनवून केली, तीच वस्तू आज जगातील सर्वांत धनाढ्य कंपन्या न विचारता उचलून नेत आहेत. हा फरक ज्याच्या लक्षात आला त्याला आजच्या शिक्षणापुढचे संकट निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

उत्तर न देणारा गुरू

विद्या म्हणजे काय, या प्रश्नाचा उपनिषदांइतका निर्भय विचार क्वचितच कोठे झाला असेल. मुंडक उपनिषदात परा आणि अपरा असे विद्येचे दोन प्रकार सांगताना चारही वेद अपरा विद्येच्या वर्गात टाकलेले आहेत. ज्या ग्रंथांचा स्वतः अधिकार मानायचा, त्यांनाही कनिष्ठ कोटीत बसविण्याचे हे धैर्य असाधारण होय. छांदोग्यात नारद सनत्कुमारांकडे शिकावयास येतात. आपल्याला काय काय येते ते आधी सांग, असे सनत्कुमार म्हणतात तेव्हा नारद वेदांपासून इतिहासपुराणांपर्यंत, व्याकरणापासून गणित-तर्कापर्यंत, नक्षत्रविद्येपासून सर्पविद्येपर्यंत लांबलचक यादी वाचतात. आणि एवढे सारे येत असूनही आपण शोकाच्या पार गेलो नाही, अशी कबुली देतात. सनत्कुमारांचे उत्तर असे, की हे सारे केवळ नाम आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर ती माहिती आहे.

पण येथेही एक गोष्ट सांभाळून समजून घ्यावयास हवी. सनत्कुमार नामाचा धिक्कार करीत नाहीत. ते त्याला पहिली पायरी मानतात आणि तेथून वाणी, मन, संकल्प, चित्त, ध्यान अशा पायऱ्या चढवीत नारदांना पुढे नेतात. माहिती त्याज्य नाही. तिच्यावरच ठाण मांडून बसणे त्याज्य आहे. ज्याच्या खिशात जगातील सारी ग्रंथालये आहेत अशा आजच्या विद्यार्थ्याची अवस्था नारदांसारखीच आहे. फरक एवढाच, की नारदांना आपल्या उणिवेची जाणीव होती आणि ती कबूल करण्याइतकी नम्रताही त्यांच्यापाशी होती. यंत्र विद्यार्थ्याला माहिती देते, परंतु ही जाणीव देत नाही. उलट सारे काही आपल्याला येते असा आभास मात्र निर्माण करते. बारा वर्षे गुरुगृही राहून ताठ मानेने परत आलेल्या श्वेतकेतूला त्याच्या पित्याने, उद्दालकाने, एका प्रश्नाने जमिनीवर आणले. असा प्रश्न विचारणारा कोणी घरात वा शाळेत उरणार आहे की नाही, हा काळजीचा विषय आहे.

याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशी ज्ञानाची जी तीन अंगे सांगितली, त्यांच्या आधारे आजच्या साधनांचे मोल ठरविणे सोपे जाते. श्रवणाच्या बाबतीत या साधनांनी अपूर्व क्रांती केली आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. स्वयं आणि दीक्षा या २०१७ मध्ये सुरू झालेल्या शासकीय व्यासपीठांवर नामांकित अध्यापकांची व्याख्याने आणि पाठ्यपुस्तकांतील धडे कोणालाही मिळू शकतात. ज्याच्या गावात विज्ञानाचा शिक्षक नाही त्यालाही आता चांगला शिक्षक ऐकता येतो. परंतु श्रवण ही सुरुवात असते. ऐकलेले स्वतःच्या बुद्धीने घासून पाहणे हे मनन, आणि पटलेले जीवनात मुरविणे हे निदिध्यासन. ही दोन कामे दुसऱ्याकडून करवून घेता येत नाहीत. जशी भूक लागली असता दुसऱ्याने जेवून चालत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. तोपर्यंतचे यंत्र श्रवणाचे साधन होते. हे नवे यंत्र मननाची जागा घेऊ पाहते. निबंध, गणिताची रीत, कवितेचे रसग्रहण, प्रयोगाचा निष्कर्ष यांपैकी जे मागावे ते नीटनेटक्या भाषेत क्षणात हजर होते. शिक्षकांना चिंता पडली आहे ती विद्यार्थी नक्कल करतील याची. ही चिंता रास्त असली तरी वरवरची आहे. नक्कल पूर्वीही होत होती. परंतु नक्कल करणाऱ्याला आपण नक्कल करीत आहोत हे ठाऊक असे. आता न केलेला विचार आपणच केला आहे असे विद्यार्थ्याला प्रामाणिकपणे वाटू लागेल, आणि हा धोका परीक्षेतील लबाडीपेक्षा कितीतरी खोल आहे.

तैत्तिरीय उपनिषदातील भृगूची कथा या संदर्भात फार बोलकी आहे. भृगू आपल्या पित्याकडे, वरुणाकडे जातो आणि ब्रह्म काय ते शिकवा, असे म्हणतो. वरुणाला उत्तर ठाऊक आहे. एका वाक्यात ते सांगून मोकळे होणे त्याला सहज शक्य होते. परंतु तो केवळ कोठे शोधावे याची खूण सांगतो आणि तप करावयास धाडतो. भृगू अन्न हे उत्तर घेऊन येतो. पिता त्याला चूक म्हणत नाही, बरोबरही म्हणत नाही, पुन्हा तप कर म्हणतो. मग प्राण, मग मन, मग विज्ञान; दर वेळी भृगू परत येतो आणि दर वेळी तोच आदेश मिळतो. अखेर आनंदापाशी तो पोहोचतो तेव्हा विचारावयास परत येण्याची गरजच राहत नाही. या तपाचा अर्थ शंकराचार्यांनी मन आणि इंद्रिये यांची एकाग्रता असा केलेला आहे. अपुरे उत्तर स्वतः शोधणे, त्याचे अपुरेपण स्वतःला जाणवणे आणि म्हणून पुन्हा शोधास लागणे, यालाच त्या पित्याने शिक्षण मानले. पहिल्याच प्रश्नाला पाचवे उत्तर देणारे यंत्र वरुणाच्या जागी असते, तर भृगूला ब्रह्माची व्याख्या मिळाली असती, पण भृगू घडला नसता.

लगाम कोणाच्या हाती?

कठोपनिषदातील रथाचे रूपक सर्वांना परिचित आहे. शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी हा सारथी. हे रूपक आज आठवण्याचे कारण असे, की इंद्रियांच्या ओढीचा प्रश्न जुनाच असला तरी त्या ओढीचे शास्त्र बनवून तिचा व्यापार करण्याची रीत मात्र नवी आहे. पूर्वी वाटेवरचे गवत घोड्यांना खुणावीत असे. आता कोणता घोडा कोणत्या गवताला भुलतो याची क्षणाक्षणाची नोंद ठेवून तेच गवत त्याच्यापुढे टाकले जाते, आणि वाट कधी संपूच नये अशी व्यवस्था केली जाते. जे दृश्य बोटाने वर सरकवावे त्याखाली दुसरे तयार असते. यमाने नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतील भेद सांगितला. या व्यापाराचे सारे गणित प्रेयावर उभे आहे. दहा वर्षांच्या मुलाने या शक्तीशी एकट्याने झुंजावे आणि हरला तर त्याला आळशी ठरवावे, हा न्याय नव्हे.

विसाव्या शतकातील ज्या तत्त्वचिंतकाने हे भविष्य फार लवकर ओळखले ते म्हणजे जे. कृष्णमूर्ती. त्यांनी १९२९ मध्ये आपल्याभोवती उभारलेला पंथ स्वतःच मोडला, आणि शाळा मात्र अखेरपर्यंत चालू ठेवल्या, हे लक्षणीय आहे. संगणक अजून घरोघर पोहोचायचे होते अशा १९८० नंतरच्या काळात, फेब्रुवारी १९८६ मध्ये निधन होईपर्यंत, आपल्या व्याख्यानांतून ते श्रोत्यांना वारंवार एक प्रश्न विचारीत. स्मृती, हिशेब, तर्क, शिकणे ही जी कामे माणसाचा मेंदू करतो, ती यंत्र अधिक वेगाने करू लागले तर माणसाच्या मेंदूचे काय होईल? त्यांच्या मते माणसापुढे दोनच वाटा उरतील. एक तर तो करमणुकीत बुडून जाईल आणि त्याचा मेंदू झिजेल, नाही तर तो अंतर्मुख होऊन स्वतःला जाणून घेण्याकडे वळेल. शाळेने या दोहोंपैकी कशाची तयारी करून घ्यावी, असा त्यांचा रोख होता. चाळीस वर्षांनंतर करमणुकीची वाट किती रुंद झाली आहे हे कोणत्याही आगगाडीच्या डब्यात बसले तरी दिसते. दुसरी वाट अजून पायवाटच आहे.

आणि याच ठिकाणी अध्यात्माच्या नावाने चाललेल्या व्यवहारालाही बोल लावणे प्राप्त आहे. प्रवचनांच्या चित्रफितींचा पूर लोटला आहे. ध्यानाचा हिशेब ठेवणारी आणि कालच्यापेक्षा आज अधिक मिनिटे ध्यान केल्याबद्दल शाबासकी देणारी साधने निघाली आहेत. ज्या यंत्राने चित्त विखुरले त्याच्याच पडद्यावर चित्तशांतीची दुकाने थाटली जावीत, यातील विसंगती कोणाच्या ध्यानात येत नाही असे नाही. परंतु निदिध्यासन ही ऐकण्याची वस्तू नाही, हे सांगण्यास गुरू म्हणविणारेही फारसे उत्सुक दिसत नाहीत.

वंचितांचा प्रश्न

आता एका रास्त आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. उपनिषदांतील गुरुशिष्यांची महती गाणारे लोक एक गोष्ट सोयीने विसरतात. त्या अरण्यातील शाळांची दारे पुढे शतकानुशतके शूद्रांना आणि स्त्रियांना बंद होती. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा सावित्रीबाईंना रस्त्यात जे सोसावे लागले ते सोसायला लावणारे लोक धर्माचेच नाव घेत होते. एकलव्याने मातीच्या पुतळ्यापुढे बसून विद्या मिळविली, आणि त्याचे मोल त्याच्याकडून अंगठ्याच्या रूपाने वसूल झाले, हेही याच परंपरेत घडले आहे. मुठीतले यंत्र मात्र शिकू पाहणाऱ्याला जात विचारीत नाही. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना शब्द ऐकू दिला गेला नाही त्यांना तुम्ही श्रवणाच्या मर्यादा कोणत्या तोंडाने सांगणार?

हा प्रश्न टाळून केलेला अध्यात्मविचार दांभिक ठरेल. त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की वंचितांना यंत्र मिळालेच पाहिजे. परंतु यंत्र देऊन शिक्षक काढून घेण्याचा सौदा त्यांच्या गळ्यात मारता कामा नये. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर घरात एकच फोन आणि तोही कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात, ही अवस्था असंख्य मुलांनी भोगली. ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, शिकलेले आईबाप आहेत, त्यांची मुले यंत्र आले तरी तरली. ज्यांना शाळा हाच एक आधार होता त्यांचा तोल गेला. श्रीमंताच्या मुलाला माणूस शिकविणार आणि गरिबाच्या मुलाला पडदा शिकविणार, अशी नवी वर्णव्यवस्था या मार्गाने येऊ शकते. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये काढताना भाऊराव पाटलांनी खेड्यातील मुलांना विद्येबरोबर वसतिगृह, श्रम आणि सहवास दिला तो याचसाठी.

यंत्र आणि शिक्षक एकत्र आले म्हणजे काय होऊ शकते याचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकविणारे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड छापून धडा, कविता आणि चित्रफीत मुलांपर्यंत पोहोचविली. डिसंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. क्यूआर कोडची कल्पना कोणालाही उचलता येईल. परंतु मुलांना त्या कोडपेक्षा मोठा धडा त्या वाटणीतून मिळाला असेल, आणि तो कोणत्याही यंत्रात भरून ठेवता येण्याजोगा नाही.

योग, उद्योग, सहयोग

ईशावास्य उपनिषदाने विद्या आणि अविद्या यांपैकी एकीचाच ध्यास घेणारे दोघेही अंधारात जातात असे सांगितले, आणि ज्याला दोन्ही एकत्र कळतात तोच तरतो असा निर्वाळा दिला. या उपनिषदावर वृत्ती लिहिणाऱ्या विनोबांनी आयुष्यभर याच समन्वयाचा पुरस्कार केला. विज्ञान गती देते आणि आत्मज्ञान दिशा देते, दोहोंपैकी एक नसले तर प्रवास होत नाही, ही त्यांची शिकवण होती. ते यंत्राचे वैरी नव्हते. शिक्षणाची त्यांनी योग, उद्योग आणि सहयोग अशी तीन सूत्रे सांगितली, आणि योग म्हणजे आसने नव्हेत, तर चित्त आणि इंद्रिये यांवर ताबा मिळविणे होय, असा खुलासाही केला. शाळेत येणाऱ्या कोणत्याही नव्या साधनाला या तीन प्रश्नांतून जावयास लावले तर पुष्कळसा गोंधळ मिटेल. या साधनाने मुलाचा स्वतःवरचा ताबा वाढतो काय? त्याच्या हाताला काही घडविण्याचे काम मिळते काय? आणि तो दुसऱ्याच्या जवळ येतो काय? ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली तेव्हा ती मागासलेली म्हणून हिणविली गेली होती. हाताने काही करता करता बुद्धी जागी होते, हा तिचा आधार मात्र आज पुन्हा आठवण्याची वेळ आली आहे.

जगातील पुढारलेले देशही आता थबकून विचार करू लागले आहेत. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून शाळेत पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना फोन वापरण्यास मनाई केली. वर्गावर्गांत पडदे नेण्यात आघाडीवर असलेल्या स्वीडनने २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी वेगळा पैसा काढला. त्याच वर्षी युनेस्कोच्या जागतिक शिक्षण अहवालाने तंत्रज्ञान शिक्षकाच्या जागी नव्हे, तर त्याच्या साह्याला असावे, असा इशारा दिला. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी करणारा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. या उपायांची गरज नाकारता येणार नाही. मुलांच्या अवधानावर चालणाऱ्या व्यापाराला आवर घालणे हे सरकारचेच काम आहे, आणि आपल्याकडेही ते टाळता येणार नाही.

परंतु बंदीचा कायदा घोड्यांना कुंपण घालू शकतो; सारथी निर्माण करू शकत नाही. ते काम शाळेचे आणि घराचे आहे. त्यासाठी प्रचंड योजनांची आवश्यकता नाही. प्राथमिक इयत्तांत हाताने लिहिणे आणि मोठ्याने वाचणे यांना पुन्हा प्रतिष्ठा मिळाली, एखादा प्रश्न आठवडाभर अनुत्तरित ठेवून त्याच्याभोवती मुलांना घोटाळू दिले, यंत्राने दिलेल्या उत्तरातील उणीव शोधून दाखविणे हाच अभ्यास म्हणून दिला, आणि परीक्षेत तोंडी प्रश्नोत्तरांना मानाचे स्थान दिले, तरी मनन शाळेत परत येईल. मात्र शिक्षकाला वरुणाप्रमाणे उत्तर राखून ठेवण्याची मोकळीक हवी. माहिती भरण्याच्या आणि छायाचित्रे वर पाठविण्याच्या कामांत त्याचा दिवस संपत असेल, तर भृगूकडे पाहण्यास त्याला सवड कोठून मिळणार?

या दृष्टीने मोहित्यांच्या वडगावचा प्रयोग सर्वांत मोलाचा ठरतो तो एका साध्या कारणामुळे. तेथे फोन केवळ मुलांचे बंद झाले नाहीत. बापाचा फोन आणि आईची मालिकाही बंद झाली. स्वतः पडद्याला खिळलेल्या पित्याने मुलाला पुस्तकाची महती सांगावी आणि मुलाने ती ऐकावी, ही अपेक्षा कोणत्याही तत्त्वज्ञानाने धरलेली नाही. ज्या संयमाला एकट्या मुलाची शक्ती पुरत नाही त्याला सबंध गावाने खांदा दिला. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो आणि यंत्रे पुन्हा सुरू होतात, यालाही अर्थ आहे. तेथे कोणी यंत्राचा त्याग केलेला नाही. ते केव्हा चालू असावे आणि केव्हा बंद, हे ठरविण्याचा अधिकार तेवढा गावाने यंत्राकडून परत घेतला. कठोपनिषदातील यमाने नचिकेताला लगामाविषयी जे सांगितले त्याचा याहून वेगळा अर्थ नाही.

भोंग्याच्या बळावर अवधान कायमचे टिकेल असे मात्र कोणी समजू नये. बाहेरून वाजणारा भोंगा मुलाच्या आत वाजू लागेल तेव्हाच शिक्षण पुरे झाले असे म्हणता येईल. तोवर दीड तासाची ती शांतता राखणे, आणि त्या शांततेत मुलाशेजारी पुस्तक उघडून बसणे, हे मोठ्यांचे कर्तव्य आहे. त्यात कसूर झाली, तर पुढच्या पिढीला सर्व प्रश्नांची उत्तरे मिळतील, पण विचारावेसे वाटणारे प्रश्न तिच्यापाशी उरणार नाहीत.